परत शिफ्टिंग
11 महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं आणि आता कोथरूडहून वाकडला, तेही भर पावसात. मागच्या वेळी सगळी पुस्तकं एकाच मोठ्या खोक्यात कोंबलेली, उचलताना तळच फाटला, म्हणून यंदा वाण्याकडून बिस्किटांची छोटी खोकी आणलीत. फ्रीज आदल्या रात्रीच बंद करायचा नाहीतर टेम्पोत पाणीच पाणी, आणि तिकडे गेल्यावर लगेच चालू नाही करायचा, 3-4 तास उभा ठेवायचा. आई म्हणते लोणच्याची बरणी मांडीवरच घेऊन बस, टेम्पोवाल्यांवर तिचा काडीचा विश्वास नाही (माझाही नाहीये). देव, चहाचं पातेलं, चार्जर एका पिशवीत. स्क्रूड्रायव्हर मात्र कुठल्यातरी खोक्यात पॅक झालाय आणि पलंग अजून खोलायचाय.