टायमिंग बेल्ट बसला, पण पुलीची खूण 20 अंश मागे!

मागच्या नोंदीपर्यंत माझ्या गाडीच्या इंजिनाचं तोंड पूर्ण उघडं होतं. रेडिएटर भिंतीला टेकवलेला, कव्हरं एका खोक्यात, आणि क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) टोकाशी जुन्या सीलमधून (ऑइल अडवणारं रबरी कडं) झिरपलेल्या ऑइलचा काळा चिकट थर. त्याच ऑइलने टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक आणि कॅम यांना एका तालात फिरवणारा पट्टा, भिजला होता, म्हणून तर हा सगळा खटाटोप. गेल्या शनिवार-रविवारी चढवाचढवी केली. सुटे भाग बसवायला फार तर तीन तास लागले असतील. बाकीचा वेळ खरवडण्यात, पुसण्यात आणि रविवारी संध्याकाळी एका खुणेकडे डोकं धरून बघत बसण्यात गेला.

इंजिन साधं आहे. चार सिलिंडर, पेट्रोल, वर एकच कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), दात असलेला रबरी बेल्ट, डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा भाग). ज्यांच्याकडे चेनवाली इंजिनं आहेत त्यांना यातलं निम्मंच उपयोगी पडेल.

सुरुवात क्रँकच्या पुढच्या सीलपासून. जुनं सील काढल्यावर क्रँकचं टोक पुसलं आणि त्यावरून नख फिरवलं, तर एका जागी नख अडकलं. सीलची लिप, म्हणजे आतली पातळ कड, वर्षानुवर्षं एकाच रेषेवर घासत राहते आणि पोलादातसुद्धा चर पाडते. नवं सील अगदी जुन्याच खोलीवर बसवलं असतं तर त्याची लिपही त्याच चरीत बसली असती आणि थोड्याच दिवसांत पुन्हा गळती सुरू झाली असती. माझ्या ऑइल पंपाच्या हाउसिंगमध्ये मागे थोडी जागा आहे, म्हणून सील दीड मिलिमीटर जास्त आत बसवलं. आत सरकवल्यावर ऑइल परत जाण्याचं भोक झाकलं जात नाही ना, हे आधी टॉर्चने पाहून घेतलं. ज्यांच्याकडे अशी जागा नसेल त्यांना क्रँकवर पातळ रिपेअर स्लीव्ह चढवण्याचा मार्ग आहे. चर खोल असेल तर मी तोच पत्करला असता.

सील चढवताना क्रँकवरच्या चावीच्या (पुली क्रँकवर घसरू न देणारा लोखंडी तुकडा) खाचेची धार लिपला कापते. पूर्वी एकदा मी असं एक नवंकोरं सील पाच सेकंदांत वाया घालवलंय. यावेळी खाचेवर चिकटपट्टी गुंडाळली, तिच्यावर ऑइलचा हात फिरवला, लिपलाही ऑइल लावलं आणि स्प्रिंगची बाजू आत ठेवून सील सरकवलं. ठोकायला प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा घेतला. त्याचं तोंड सरळ कापलेलं हवं, नाहीतर सील तिरकं जातं. हळूहळू, चारी बाजूंनी, आवाज बदलेपर्यंत. आधी थडथड, मग एकदम ठक्क.

वॉटर पंपाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जुनं गॅस्केट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडलं, कारण ॲल्युमिनियमवर पोलादी पातं चालवलं की ओरखडे राहतात आणि पाणी तिथूनच वाट काढतं. एक मात्र सांगतो. पंपाच्या बोल्टपैकी एकाचं भोक थेट पाण्याच्या पोकळीत उघडतं, त्याच्या आट्यांना सीलंट लावावंच लागतं. दुसऱ्या एका आंधळ्या, म्हणजे तळ बंद असलेल्या, भोकात जुनं ऑइल साचलं होतं. ते तसंच ठेवून बोल्ट आवळला असता तर द्रव दाबला जात नसल्यामुळे टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) खोटा आकडा दाखवला असता, आणि वाईटात वाईट म्हणजे भोकाच्या भोवती तडा गेला असता. प्रत्येक भोकात कापडाची वळी घालून कोरडं केलं. बोल्टांची लांबी वेगवेगळी आहे, पण काढतानाच पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवला होता. त्या दहा मिनिटांनी माझा एक तास वाचवला.

आता बेल्ट. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन सर्वांत वर, क्रँकच्या दातेरी चाकावरची खूण ऑइल पंपाच्या हाउसिंगवरच्या खुणेसमोर, कॅमच्या चाकाची खूण सिलिंडर हेडवरच्या खुणेसमोर. बेल्ट खालून, क्रँकपासून चढवायला घेतला. ज्या बाजूला टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारं चाक) नाही ती बाजू ताणून धरत वर कॅमवर नेला आणि जो काही ढिलेपणा उरेल तो सगळा टेन्शनरच्या बाजूला येऊ दिला. उलट केलं तर टेन्शनर सोडल्यावर एक दात हमखास सरकतो. मग टेन्शनरचा बोल्ट सैल करून स्प्रिंगला तिचं काम करू दिलं, क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवली, फक्त इंजिन चालतं त्याच दिशेने, आणि मगच बोल्ट आवळला. दोन फेरे यासाठी की कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. क्रँकचे दोन फेरे झाले की दोन्ही खुणा एकदम जागेवर यायला हव्यात. आल्या. मी कॅमच्या खुणेचा फोटोही काढला. पुढे तोच कामाला आला.

खालचं कव्हर लावलं. क्रँकची मोठी पुली चढवली, मधला बोल्ट आवळला. (बेल्टच्या आधाराने क्रँक धरून हा बोल्ट आवळायचा नाही, दातांवर नको तो जोर येतो. फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या दुसऱ्या टोकाचं जड चाक, अडकवून धरा.) समाधानासाठी पुन्हा दोन फेरे. कॅमची खूण बरोबर जागेवर. पण पुलीवरची खाच कव्हरवरच्या शून्यापर्यंत पोचलेलीच नव्हती, चांगली बोटभर मागे.

पोटात गोळा आला. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. पहिला विचार हाच की फिरवताना बेल्टने दात सोडला. हे इंजिन असं आहे की टायमिंग फार चुकलं तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात, त्यामुळे ‘चालू करून बघू’ हा पर्यायच नव्हता. पुली काढायला पान्याकडे हात गेलाच होता, पण आधी चहूकडून मोजून बघू म्हटलं.

पुलीचा व्यास 150 मिलिमीटर. म्हणजे घेर 471 मिलिमीटर, आणि घेरावर एक अंश म्हणजे साधारण 1.3 मिलिमीटर. खाच शून्याच्या 27 मिलिमीटर मागे होती, म्हणजे 20 अंशांच्या जरा वर. इथे डोक्यात काहीतरी खटकलं. माझ्या क्रँकच्या चाकाला 24 दात आहेत. एक दात सुटला तर फरक 15 अंशांचा पडतो, दोन सुटले तर 30 अंशांचा. वीस अंश कुठून आले? दाताला मधली जागा नसते.

मग खरा टॉप डेड सेंटर, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतानाची क्रँकची जागा, शोधायचं ठरवलं. पहिल्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढून भोकातून एक लांब लाकडी काडी पिस्टनवर टेकवली. (भोक सरळ असेल तरच हे करा. तिरकं असेल तर काडी अडकून मोडते.) पिस्टन अगदी वर असताना क्रँक दोन-चार अंश फिरली तरी तो हललेला कळत नाही, म्हणून नुसतं ‘सर्वांत वर’ बघून चालत नाही. मी काडीवर कमाल उंचीपासून 10 मिलिमीटर खाली एक रेघ मारली. पिस्टन वर जाताना त्या रेघेवर आला तेव्हा शून्यासमोर पुलीच्या काठावर खडूची एक खूण केली. तसंच पुढे फिरवत नेलं, पिस्टन वर जाऊन खाली येताना पुन्हा त्याच रेघेवर आला, तिथे दुसरी खूण. दोन खुणांमध्ये साडेनऊ सेंटिमीटरचं अंतर. त्याचा मध्य म्हणजे खरा टॉप डेड सेंटर.

तो मध्य शून्यासमोर आणला. कॅमची खूण जागेवर! पुलीची खाच 27 मिलिमीटर मागे.

म्हणजे बेल्ट बरोबर होता, पुलीच खोटं बोलत होती.

ही पुली एकसंध नसते, हे मला माहीत होतं पण कधी लक्षात ठेवलं नव्हतं. मधला भाग चावीने क्रँकवर पक्का. बाहेरचं जड कडं वेगळं. दोघांमध्ये रबराचा पट्टा, क्रँकचे पीळ आणि थरथर शोषण्यासाठी. हे रबर सुटलं की बाहेरचं कडं मधल्या भागावर घसरतं, आणि टायमिंगची खाच असते नेमकी त्या बाहेरच्या कड्यावर. टॉर्च जवळ नेऊन पाहिलं तर एका बाजूला रबर बाहेर फुगलेलं, त्यावर बारीक भेगा, आणि ज्या रबराला इतकी वर्षं ऑइलची अंघोळ घडत होती ते बोटाला मऊ लागत होतं. खात्रीसाठी मधल्या भागावरून कड्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली आणि लाकडी ठोकळा लावून कड्याला हातोडीने एक टोला दिला. रेघ तुटली. सरळ दोन तुकडे.

तेव्हा गेल्या वर्षीचं कोडं सुटलं. टायमिंग लाइट (ठिणगी पडते त्याच क्षणी लुकलुकून पुलीची खाच दाखवणारा दिवा) लावून, पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे, अगदी प्रामाणिकपणे डिस्ट्रिब्युटर फिरवला होता. गाडी ओढेना, चढावर दम टाकायची, तापायची. कंटाळून शेवटी कानानेच सेट केला आणि लाइट कपाटात टाकला. दोष त्या बिचाऱ्या दिव्याला दिला. खाच मागे घसरलेली असेल तर दिव्यात ठिणगी आहे त्यापेक्षा लवकर पडतेय असं दिसतं. मग तुम्ही ती आणखी उशिरा करता. घसरण तेव्हा आजच्याइतकी नसेलही, पण तऱ्हा तीच.

नवी पुली यायला चार दिवस लागले, म्हणून ही नोंद उशिरा. चढवली, दोन फेरे दिले, खाच केसभरही न चुकता शून्यावर. वरचं कव्हर, अल्टरनेटरचा बेल्ट, रेडिएटर, होज. होजच्या दोन क्लिपा जुन्याच वापरल्या आणि त्यातली एक ठिबकते आहे, ती बदलायची राहिलीय. कूलंट भरून हवा काढायला अर्धा तास गेला. हीटर पूर्ण उघडा ठेवून इंजिन गरम करत राहायचं, बुडबुडे येतात आणि पातळी खाली जाते.

चालू केल्यावर पहिली दहा मिनिटं मी टॉर्च घेऊन खाली आडवा पडून फक्त सीलकडे बघत होतो. कोरडं. इंजिन नीट गरम झाल्यावर कपाटातून दिवा काढला आणि डिस्ट्रिब्युटरला हात न लावता रोखला. पुस्तिकेत ठिणगीसाठी टॉप डेड सेंटरच्या आधी 10 अंश लिहिलंय. गेलं वर्षभर कानाने लावलेलं टायमिंग 8 वर होतं.