तुम्ही विचारलंत म्हणून: पोकरची पुस्तकं वाचायची कशी?

पोकरची पुस्तकं वाचायची कशी, हे महिन्यातून एकदा तरी मला कुणीतरी विचारतंच. कधी ऑफिसात डबा खाताना, कधी शनिवारी आमच्याकडे नव्याने खेळायला आलेलं कुणी. गेल्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला. "ताई, दोन पुस्तकं अथपासून इतिपर्यंत वाचली, पिवळ्या पेनाने खुणासुद्धा केल्या. तरी खेळायला बसलो की पहिल्यासारखाच खेळतो. तू एवढी वाचतेस ती नेमकी कशी?" फोनवर मला ते नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही सहाजण नाशिकला एकाच्या घरी दर शनिवारी नो-लिमिट होल्डेम खेळतो. हा पोकरचा एक प्रकार: प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते, मध्ये सगळ्यांचे मिळून पाच उघडे (आधी तीन म्हणजे फ्लॉप, मग एक टर्न, शेवटी एक रिव्हर), आणि दर टप्प्याला हव्या तितक्या चिप्स लावायच्या. प्लास्टिकच्या चिप्स असतात, पैसे नसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर कायद्याने बंदी आली, तेव्हा "आता अभ्यास कशाला?" असंही मला विचारलं गेलं. समोरच्याचे पत्ते दिसत नसताना त्याच्या वागण्यावरून अंदाज बांधायचा आणि तो आकड्यांवर तपासायचा, ही गोष्ट मला मनापासून आवडते. आवडीला तेवढं कारण पुरतं.

मावसभावाची अडचण खरी आहे, आणि ती आळशीपणाची नाही. बुद्धिबळात घोडा फुकट दिलात तर दोन चालींत कळतं. पोकरमध्ये कळत नाही. तुमच्याकडे एक्क्यांची जोडी, समोर राजांची जोडी, उघडे पत्ते यायच्या आधीच सगळ्या चिप्स मध्ये गेल्या, तर शंभरातून साधारण ८२ वेळा तुम्ही जिंकता. उरलेल्या अठरा वेळा अगदी बरोबर खेळून हरता. उलटही होतं. चुकीचा कॉल करून (समोरच्याने लावलं तेवढंच घालून) पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्स, ओढला की माणूस खूश होऊन घरी जातो. आम्ही स्वतःच पत्ते पिसतो, वाटतो, त्यात तासाला वीसेक डाव होतात. एवढ्याशा खेळात पुस्तक बरोबर समजलं की चुकीचं, हे टेबल सांगू शकत नाही. वाचलेलं तपासायचं ते घरी, शांतपणे, निकाल बाजूला ठेवून.

मी हे कशामुळे शिकले ते सांगते. सुरुवातीला मी एक हिशेब पाठ केला होता. फ्लशला (एकाच प्रकारचे पाच पत्ते, जसे पाचही बदाम) एक पत्ता कमी असेल तर तो पुरा करणारे नऊ पत्ते कॅटमध्ये असतात. नऊ गुणिले चार, म्हणजे सुमारे ३६ टक्के शक्यता. पुस्तकात त्या ओळीच्या मागेपुढे स्पष्ट लिहिलं होतं की चारने गुणायचं ते दोन पत्ते यायचे असताना, आणि तेही मध्ये आणखी चिप्स घालाव्या लागणार नसतील तेव्हा. मी खूण केली होती फक्त आकड्यावर. मग टर्नवर, एकच पत्ता उरलेला असताना, पॉट ६०० चा, समोरच्याने ३०० लावले की मी मनात म्हणायची: ३०० घालून १२०० च्या पॉटसाठी खेळायचं, म्हणजे २५ टक्के पुरेत, माझ्याकडे ३६ आहेत, कॉल. खरी शक्यता ४६ पत्त्यांत नऊ, वीस टक्क्यांच्याही आत. फ्लश लागल्यावर पुढे आणखी चिप्स मिळतील हा हिशेब वेगळा, पण तो मी करतच नव्हते. हे कितीतरी शनिवार चाललं. पाचातून एकदा फ्लश लागायचा आणि मला वाटायचं, पुस्तक किती खरं आहे!

तेव्हापासून माझी वही बदलली. सल्ला लिहायच्या आधी मी त्याची अट लिहिते. टेबलावर किती जण, चिप्स ब्लाइंडच्या (डावाच्या सुरुवातीला सक्तीने लावायच्या चिप्सच्या) किती पट, मी आधी बोलणार, म्हणजे निर्णय सांगणार, की शेवटी, समोर एक जण की तिघं, स्पर्धा की साधा खेळ. अट सापडत नसेल तर तो परिच्छेद मला कळलेला नाही असं धरून पुन्हा वाचते. पुष्कळदा अट दोन पानं मागे असते.

पुस्तक निवडतानाही हेच बघा. डेव्हिड स्क्लान्स्कींचं 'द थिअरी ऑफ पोकर' लोक पहिलं म्हणून घेतात. ते आहेही थोर. समोरच्याचे पत्ते दिसत असते तर तुम्ही जसे खेळला असता, तसे न दिसता खेळलात की तुमचा फायदा, हा विचार त्यात फार सुंदर मांडला आहे. पण १९८७ च्या त्या पुस्तकातली कितीतरी उदाहरणं स्टड या वेगळ्या प्रकारची आणि लिमिट, म्हणजे ठरावीकच चिप्स लावता येणाऱ्या पोकरची आहेत. फक्त नो-लिमिट होल्डेम खेळणारा माणूस ती वाचून गोंधळतो आणि स्वतःला दोष देतो. डॅन हॅरिंग्टन यांच्या होल्डेमवरच्या मालिकेचा पहिला खंड २००४ चा. तो स्पर्धांसाठी लिहिलेला आहे, पण प्रकरणामागे सोडवायला डाव दिलेले आहेत, म्हणून नवीन माणसाला मी तोच हातात देते. २०१५ च्या सुमारास सॉल्व्हर म्हणजे डावाचं गणित सोडवणारे प्रोग्रॅम साध्या संगणकावर आले आणि नंतरच्या पुस्तकांचा सूरच पालटला. ती तक्त्यांनी भरलेली असतात. ती दुसऱ्या वर्षी घ्या. आणि एका वेळी एकच पुस्तक उघडा. दोन लेखक दोन वेगळ्या टेबलांबद्दल बोलत असतात, आणि आपण त्यांच्यात भांडण लावून बसतो.

आता प्रत्यक्ष वाचन. उदाहरणाचा डाव आला की मी लेखकाच्या उत्तरावर पत्ता ठेवते, खरोखरचा, कॅटमधला. आधी वहीत माझा निर्णय लिहायचा आणि एक ओळ कारण. मग पत्ता उचलायचा. निर्णय जुळला आणि कारण वेगळं निघालं तर मी त्याला चूकच धरते. फार कामाच्या चुका याच असतात. या पद्धतीने तासात चारपाच पानं होतात. तुम्हाला हळू वाटेल. होऊ द्या.

आणि पत्ते खाली मांडा. हे मी हात जोडून सांगते, कारण सगळ्यात जास्त मला यानेच दिलं. पुस्तकात 'समोरच्याच्या हातांची (म्हणजे त्याच्याकडे असू शकणाऱ्या दोन-दोन पत्त्यांची) मोजणी करा' असं असतं, ते डोळ्यांनी वाचून डोक्यात जात नाही. एका रविवारी मी सतरंजीवर फ्लॉप मांडला: इस्पिकचा एक्का, चौकटचा राजा, किलवरची सत्ती. माझ्या हातात बदामचा एक्का आणि बदामची राणी. आदल्या रात्री याच डावात मी चिप्स लावल्या होत्या, समोरून मोठा रेज आला होता (म्हणजे त्याने माझ्याहून जास्त लावल्या), आणि मी "एक्का आहे ना!" म्हणून कॉल केला होता.

कॅटमधून उरलेले एक्के काढले. दोनच. राजे तीन, सत्त्या तीन. मग जोड्या लावत गेले. एक्का-राजा सहा प्रकारे होतो, एक्क्यांची जोडी एकाच प्रकारे, राजांची तीन, सत्त्यांची तीन. दोन जोड्या किंवा तीन सारखे पत्ते होऊन मला हरवणारे तेरा हात समोर ओळीने पडले होते. (एक्का-सत्तीसारखे हात हा गृहस्थ खेळत नाही, आणि बरोबरीत सुटणारे एक्का-राणी मी बाजूला ठेवले.) मी कुणाला हरवते? एक्का-गुलाम: दोन एक्के, चार गुलाम, आठ प्रकार. एक्का-दश्शी, आणखी आठ. म्हणजे तो माणूस यातल्या कशावरच रेज करत नसेल, तर मी फक्त ब्लफला, म्हणजे हातात काही नसताना केलेल्या रेजला, हरवते. एक्का-गुलामावर करत असेल तर एकवीसातले आठ हात माझे. दश्शीवरही करत असेल तर एकोणतीसातले सोळा, म्हणजे मी पुढे.

तो पसारा बघून मी कितीतरी वेळ तशीच बसले होते. 'एक्का आहे ना' हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता, आमचा हा मित्र एक्का-दश्शीवर रेज करतो का? आणि त्याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही, ते पुढच्या शनिवारी त्याच्याकडे बघून मिळवायचं. मावसभावाला मला हेच सांगायचं होतं. वाचनातून टेबलावर न्यायला असा एखादा नेमका प्रश्न मिळाला की तो आठवडा सार्थकी लागला. दहा सल्ले डोक्यात घेऊन बसलात तर डाव अंगावर आल्यावर एकही आठवत नाही.

माझं वेळापत्रक फार मोठं नाही. सोमवार ते गुरुवार रात्री जेवणानंतर पाऊण तास, शुक्रवारी सुट्टी. एक प्रकरण दोन आठवडे. शनिवारी खेळताना वही उघडत नाही; डाव लक्षात ठेवायचा आणि घरी आल्यावर झोपायच्या आधी तीन डाव लिहायचे. निवडायचे ते जिथे निर्णय घेताना पोटात गोळा आला ते, सगळ्यात मोठा पॉट झाला ते नव्हे. रविवारी सकाळी ते मांडून बघायचे. आणि पुढचं प्रकरण कोणतं, हे पुस्तकाच्या क्रमाने ठरवत नाही. ते या तीन डावांवरून ठरतं.

आणखी एक. ही पुस्तकं इंग्रजीत असतात आणि इंग्रजीत वाचलेलं समजल्यासारखं वाटतं. मी प्रत्येक प्रकरण मराठीत कुणाला तरी सांगून बघते. 'पोझिशन' आईला सांगत होते. ती कधी पोकर खेळलेली नाही. मी म्हटलं, शेवटी बोलणाऱ्याला बाकीच्यांनी काय केलं ते आधीच दिसलेलं असतं. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे मेंढीकोटात शेवटचा पत्ता टाकणाऱ्यासारखंच की. तो बघून मारतो." अगदी तेच. फक्त होल्डेममध्ये फ्लॉपपासून रिव्हरपर्यंत प्रत्येक फेरीत शेवटी तोच बोलतो, हे तिला सांगितल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "मग आधी बोलणाऱ्याने मोजक्या, चांगल्या पत्त्यांवरच खेळायला पाहिजे."

जे प्रकरण मी दोन आठवडे वाचत होते, ते तिने एका वाक्यात सांगितलं. मी ते तारखेसकट वहीत लिहून ठेवलं आहे.

मावसभाऊ येत्या शनिवारी आमच्याकडे खेळायला येतोय. मी त्याला पुस्तकं घरीच ठेवायला सांगितली आहेत. येताना कोरी वही आणि गेल्या महिन्यातला, अजून डोक्यातून न गेलेला एक डाव घेऊन ये म्हटलंय. सतरंजी मी घालून ठेवते.