तिसरी रेघ

ती दोघं माझ्याकडे सुईसाठी आली होती. वय ३१, पहिलंच बाळंतपण, बारा आठवडे आणि चार दिवस झालेले. सोबत दुसऱ्या केंद्रातला चार दिवसांपूर्वीचा रिपोर्ट होता: बाळाची लांबी ५४ मिमी, एनटी ३.९ मिमी, रक्ताचे आकडे धरून डाउन सिंड्रोम या गुणसूत्रांच्या दोषाची शक्यता १८ मध्ये १. वारेतल्या पेशी पोटातून सुईनं काढून बाळाची गुणसूत्रं तपासायची, असं ठरूनच त्यांना पाठवलं होतं. सह्या करायच्या कागदावर तिनं सही आधीच करून ठेवली होती.

एनटी म्हणजे बाळाच्या मानेमागे, त्वचेखाली साठलेल्या द्रवाची जाडी. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान थोडा द्रव प्रत्येक बाळात असतो आणि पुढे तो ओसरतो. तो जास्त दिसला तर गुणसूत्रांचा दोष असू शकतो, हृदयाचा असू शकतो, आणि कधी काहीच नसतं. ३.५ मिमीच्या वर गेलेली बाळं शंभरात एखादंच असतात, त्यामुळे ३.९ हा आकडा कुणालाही दचकवणाराच.

"१८ मध्ये १ म्हणजे १७ जणींच्या बाळांना डाउन सिंड्रोम नसतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं का?" मी विचारलं.

"सांगितलं असेल," ती म्हणाली. "मला एकच ऐकू आलं."

सुई घालण्याआधी मी स्वतः पुन्हा पूर्ण स्कॅन करते. वार कुठे आहे, सुईला वाट कुठून मिळेल, हे बघावंच लागतं, आणि ज्या आकड्यासाठी सुई घालायची तो स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझा हात पुढे जात नाही. ती टेबलावर झोपली आणि तिनं मान भिंतीकडे वळवली. नवरा मात्र स्क्रीनकडे टक लावून बसला होता.

बाळ पाठीवर निवांत पडलेलं. ठोके मिनिटाला १६०. मी चित्र मोठं केलं, इतकं की डोकं आणि छाती एवढंच स्क्रीनवर मावावं. खरंच, मानेमागे काळी पोकळी होती आणि तिच्या पलीकडे ठळक पांढरी रेघ. स्क्रीनवर मोजायचा कॅलिपर लावला: ४ मिमी. पण ती रेघ मला पटेना. त्वचेची रेघ बाळाच्या पाठीच्या वळणाबरोबर वळते. ही मानेपासून खाली जवळजवळ सरळ गेली होती, पार स्क्रीनच्या कडेपर्यंत.

या वयात गर्भजलाभोवतीचा पातळ पडदा पिशवीच्या बाहेरच्या आवरणाला अजून चिकटलेला नसतो. तो जलात सुटा, तलम दिसतो. बाळ पाठीवर पडलेलं असेल तर हा पडदा नेमका त्वचेच्या मागे समांतर येतो आणि त्वचेसारखाच भासतो. ओळखायचा उपाय एकच: बाळ हलेपर्यंत थांबणं. बाळ पडद्यापासून दूर झालं की त्वचा त्याच्याबरोबर जाते, पडदा जागेवर राहतो.

बाळ हलेना. मी प्रोबनं पोटावर हलकेच टिचक्या मारल्या. तिला खोकायला सांगितलं. मग आमच्या सिस्टर म्हणाल्या, "ताई, उठा, जरा फेऱ्या मारून या," आणि तिला बाहेर घेऊन गेल्या. वीस मिनिटांनी परत आली तरी बाळ तसंच. आता मला स्वतःचीच भीती वाटू लागली. मी तोंडानं काही बोलले नव्हते, पण मी शोधते आहे हे त्या दोघांना कळलं होतं. अशा वेळी आशा लावणं आणि मग ती काढून घेणं यासारखं वाईट काही नाही. म्हणून गप्प राहण्यापेक्षा मी खरं ते सांगून टाकलं: "मला एका रेघेबद्दल शंका आहे. ती बरोबर निघेल की चूक, आत्ता माहीत नाही. थोडा वेळ द्या."

नवऱ्यानं विचारलं, हे मानेमागचं पाणी बघायची कल्पना आली कुठून? मी सांगितलं की लँगडन डाउन नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी १८६६ मध्येच लिहून ठेवलं होतं की या मुलांची त्वचा अंगाला मोठी झाल्यासारखी वाटते. पोटातल्या बाळात तीच सैल त्वचा द्रवाच्या रूपानं दिसते, आणि तिचं मोजमाप करून गुणसूत्रांच्या दोषाशी असलेला संबंध लंडनच्या किप्रोस निकोलायडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडला. तो ऐकत होता. तीही ऐकत असावी, कारण तिनं मान सरळ केली होती.

आणि बाळानं उसळी घेतली. या वयाची बाळं तशीच हलतात, अख्खं शरीर एकदम. क्षणभर सगळं अंधूक झालं आणि मग स्क्रीनवर दोनाऐवजी तीन रेघा होत्या. पडदा मागे, होता तिथेच. त्याच्यापुढे बाळाबरोबर वर आलेली त्वचा, आणि तिच्या आत पोकळीची एक बारीक काळी पट्टी. बाळाची मान ना वाकलेली ना ताणलेली. मान मागे ताणली तर हे माप ०.६ मिमीपर्यंत वाढतं, म्हणून तेही बघावं लागतं. नाळ गळ्याभोवती नाही. मी तीनदा मोजलं: १.७, १.८, १.८. सर्वांत मोठं धरायचं असतं. १.८.

मला वाटलं होतं, ती रडेल. ती उठून बसली आणि तिनं विचारलं, "चार दिवस मी त्या आकड्यावर विश्वास ठेवला. आता याच्यावर का ठेवू?"

प्रश्न रास्त होता. मी डॉक्टर आहे म्हणून ठेवा, असं म्हणणं म्हणजे आधीच्या डॉक्टरांनी दिलं तेच पुन्हा देणं. मी रेकॉर्ड केलेली हालचाल मागे नेली आणि सावकाश चालवून दाखवली. कुठली रेघ बाळाबरोबर जाते, कुठली राहते. तिसऱ्या वेळी तिनंच स्क्रीनवर बोट ठेवलं. "ही राहिली. म्हणजे ही बाळाची नाही."

मग बाकीचं बघितलं. नाकाचं हाड दिसलं, जठर, मूत्राशय, दोन्ही हात, दोन्ही पाय, हृदयाकडे जाणाऱ्या शिरेतला प्रवाह. नवीन एनटी घालून शक्यता पुन्हा काढली तेव्हा ती २,९०० मध्ये १ आली. आता सुईचं कारण उरलं नव्हतं. गर्भपाताचा धोका सुईत थोडा का होईना असतोच.

"म्हणजे बाळ नॉर्मल आहे," नवरा म्हणाला. प्रश्नचिन्ह नव्हतं त्यात, आणि मला ते लावावं लागलं. ही चाळणी आहे, निदान नाही. रक्ताचे आकडे धरूनही डाउन सिंड्रोमची दहातली साधारण एक केस या चाळणीतून निसटते. हृदयाचे आणि मणक्याचे बरेच दोष विसाव्या आठवड्याच्या सुमाराशी नीट दिसतात. त्याचा चेहरा उतरला. त्या क्षणी गप्प बसणं सोपं होतं, पण एका खोट्या खात्रीतून बाहेर आलेल्या माणसांना दुसरी खोटी खात्री देणं मला जमलं नसतं.

जाताना मी बाळाच्या चेहऱ्याचं चित्र छापून दिलं. तिनं ते नवऱ्याकडे दिलं. "मला तीन रेघांचं द्या," ती म्हणाली.

दुपारी मी त्या पहिल्या केंद्रातल्या डॉक्टरांना फोन केला. मी शिकत असताना अशीच पडद्याची रेघ त्वचा म्हणून मोजली होती. तेव्हा शेजारी वरिष्ठ बसले होते, त्यांनी माझा हात धरून थांबवला आणि रिपोर्ट खोलीबाहेर गेला नाही. एवढाच आमच्यात फरक. मी त्यांना हालचालीचा व्हिडिओ पाठवला. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाहेर रांग होती. हलायची वाट बघितली नाही मी." आणि थोड्या वेळानं, "त्यांना मी स्वतः फोन करतो."

संध्याकाळी त्यांनी केला, हे मला तिच्याकडूनच कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गेल्या काही आठवड्यांतली वाढीव एनटीची तीन चित्रं नावं झाकून पाठवली. दोन स्पष्ट होती, त्वचाच. तिसऱ्यात बाळ पाठीवर पडलेलं, रेघ सरळ खाली गेलेली. एका चित्रावरून ठरवता येईना. "हिला परत बोलवा," मी लिहिलं.

लगेच उत्तर आलं. "बोलावलंय. उद्या सकाळी. दुसरं कुणी ठेवलं नाही त्या वेळेला."