विचारायला कोण येणार?

१० ऑक्टोबर, रात्री साडेदहा

आज जागतिक मानसिक आरोग्य दिन. सकाळी पोळ्या लाटताना रेडिओवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची जाहिरात लागली. १४४१६ ला फोन करा, मराठीत बोला, पैसे पडत नाहीत. २०२२ साली याच तारखेला ही सेवा सुरू झाली. ती आहे याचा मला मनापासून आनंद आहे. पण ऐकता ऐकता वाटलं, २०२० मध्ये भावोजींनी असा फोन कधीच केला नसता. तेव्हाही ‘किरण’ नावाची सरकारी हेल्पलाइन सप्टेंबरात सुरू झाली होतीच की.

ते पुण्याजवळ भोसरीच्या कारखान्यात सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर होते. २०१९ मध्ये गाड्यांचा खप घटला तेव्हा आधी ओव्हरटाइम गेला, मग एक शिफ्ट गेली. पुढे लॉकडाऊन लागला आणि ठेकेदाराचा निरोप आला, ‘सध्या येऊ नका.’ त्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचा जीडीपी जवळजवळ २४ टक्क्यांनी घसरल्याचं नंतर वाचलं. आमच्या घरात ती घसरण वेगळीच दिसत होती. भावोजी दाढी करेनात. पेपर तसाच घडी घातलेला पडून राही. गावाकडून कुणाचा फोन आला की ‘सध्या कुठे?’ हे विचारतील म्हणून उचलायचेच नाहीत. भाजी आणायला निघाले तरी इतके सावकाश चालत की जाऊबाई खिडकीतून बघत उभ्या राहायच्या.

ते चालणं मला पुन्हा भेटलं ते ऑस्ट्रियातल्या मारियेन्थाल गावाबद्दल वाचताना. जागतिक मंदीत तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९३१-३२ मध्ये तिथे राहून सगळं टिपलं. रिकामा वेळ भरपूर, तरी वाचनालयातून नेली जाणारी पुस्तकं दोन वर्षांत निम्म्यावर आली. पुरुषांची चालही मंदावली होती, आणि ती या लोकांनी घड्याळ लावून मोजली होती. वाचून मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. भावोजी आळशी झालेत असं आमच्याकडे येणारा जाणारा म्हणायचा. नव्वद वर्षांपूर्वी परक्या देशातल्या गिरणीकामगारांचं हेच झालं होतं, मग तो त्यांच्या स्वभावाचा दोष कसा?

राज्यसभेत फेब्रुवारी २०२२ मध्ये आकडे आले. बेरोजगारीमुळे २०१८ साली २,७४१ आत्महत्या, २०१९ ला २,८५१ आणि २०२० ला ३,५४८. कर्जबाजारीपणाच्या वेगळ्याच, तीन वर्षांच्या मिळून १६,०९१. ज्या घरात कारण ‘कौटुंबिक’ म्हणून लिहिलं जातं, त्यातल्या किती घरांत आधी पगार थांबला असेल कुणास ठाऊक.

माझं म्हणणं एवढंच आहे की नोकरी गेलेला माणूस मदत मागायला जात नाही. मागण्याची लाज हाच त्या दुखण्याचा भाग असतो. म्हणून विचारणाऱ्यानेच त्याच्यापर्यंत जायला हवं. आणि हे आपल्या राज्याला माहीत नाही असं थोडंच आहे! शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांसाठी २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प सुरू झाला. त्यात आशाताई घरी जातात, झोप लागते का, जेवण जातं का, असं विचारतात आणि गरज दिसली तर पुढे डॉक्टरांकडे पाठवतात. मग चाकण-भोसरीच्या भाड्याच्या खोल्यांत कुणी का जाऊ नये?

घरोघर जमत नसेल तर जिथे या माणसाला यावंच लागतं तिथे तरी कुणी बसावं. ईएसआयसी म्हणजे कामगार राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, नोकरी गेलेल्या विमाधारक कामगाराला भत्ता देणारी. कोरोनाकाळात तिच्यात सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के रक्कम ९० दिवसांपर्यंत देण्याचं ठरलं. त्याच ईएसआयसीचे स्वतःचे दवाखानेही आहेत. पैशाचा अर्ज घेणाऱ्या टेबलाशेजारी समुपदेशकाचं एक टेबल, इतकीच सोय झाली तरी किती माणसं वेळेत सापडतील. तसंच कौशल्य विकास आणि रोजगार मार्गदर्शन केंद्रांत, तसंच रोजगार मेळाव्यांत. मेळाव्यात नुसती नावं लिहून घेतात. रात्री झोप लागते का, हेही तिथेच विचारावं.

रात्री जेवणानंतर हे सगळं निवेदनाच्या रूपात लिहायला घेतलं. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्यायचं आहे, बचतगटातल्या बायका सह्या द्यायला तयार आहेत. भावोजी आता तळेगावला कामाला आहेत, सेकंड शिफ्ट नसल्यामुळे आज घरी होते. मसुदा दोनदा वाचून म्हणाले, “वहिनी, मी पण सही करतो. पण एक ओळ वाढवा. त्या समुपदेशकाने आल्या आल्या मन मोकळं करा म्हणू नये. आधी खोलीचं भाडं किती महिन्यांचं थकलंय ते विचारावं, आणि भत्त्याचा अर्ज भरून द्यावा. मग माणूस आपोआप बोलतो.”

ती ओळ सगळ्यात वर घातली आहे.