कृष्णकमळाचं पुन्हा टक्कल आणि पडद्याचा नवा बेत

मंडळी, मागची बिल्डिंग झाकणारा पडदा म्हणून मागच्या वेळी ज्या कृष्णकमळाच्या वेलीचं तोंडभरून कौतुक केलं, त्याचे आता नुसते दोरे उरलेत. मागच्या बिल्डिंगचे एसीचे डबे, ड्रेनेजचे पाइप, ग्रिलवर बारमाही वाळत पडलेली गोधडी, सगळं दर्शन पुन्हा सुरू.

कारण तेच, टॉनी कोस्टर. हे फुलपाखरू पानाखाली पिवळ्या अंड्यांचा पुंजका घालून जातं. अळ्या बाहेर पडल्या की आधी कळपाने एकाच पानाचा हिरवा भाग खरवडतात, मोठ्या झाल्या की अख्खी पानं आणि कोवळे शेंडेही जातात. तांबूस अंग, त्यावर फांद्या फुटलेले काळे काटे. कोष मात्र देखणा: पांढुरका, काळ्या रेघा, केशरी ठिपके. सध्या कंपाउंडच्या भिंतीवर रांगेने लटकलेत.

पुंजका असलेलं पान वेळीच खुडलं तर काम भागतं, हे तुम्ही सांगितलंत ते अगदी खरं. पण माझा हात पोचतो तिथे पडद्याची गरजच नाही! गरज आहे जाळीच्या वरच्या टोकाला आणि फुलपाखराला शिडी लागत नाही. निंबोळी तेल लहान अळ्यांवर चालतं, पण पावसात फवारलं की दुपारच्या सरीत धुऊन जातं. शिवाय पानांच्या खालून, नऊ फुटांवर फवारायचं कसं? वेल मरणार नाही, बुडापासून पुन्हा फुटेल. पण वर्षातून दोन-तीनदा गळून पडणारा पडदा काय कामाचा?

एक चांगली बातमी. कोपऱ्यातल्या मधुमालतीला पहिला घोस आला. संध्याकाळी पांढरी उमललेली फुलं सकाळी गुलाबी, मग लाल. नर्सरीवाल्याकडे साधी मागितली होती, त्याने डबल पाकळ्यांची दिली. ती बुटकी निघाली, तरी वास आहे म्हणून माफ. छाटताना जुन्या देठांचे आकडे बाह्या फाडतात, तिथे फाल्कन कंपनीचं सिकेटर (छाटणीची कात्री) सोडून दुसरं काही मी वापरणार नाही.

बोगनवेल सुचवणाऱ्यांनो, तिला पाच-सहा तास थेट ऊन लागतं. आमच्याकडे दुपारी बारानंतर ऊन शेजारच्या टॉवरच्या मालकीचं. आईसक्रीम क्रीपर नको, एकदा रुजली की सगळ्या सोसायटीची होते.

म्हणून कृष्णकमळाच्या जागी लसूणवेल लावायचं नक्की केलं होतं. सदाहरित, पान चुरगाळलं की लसणाचा वास, पावसाळा सरला की जांभळा बहर. पहिलं वर्ष रेंगाळते, हा एकच दोष. हिरवी प्लॅस्टिकची जाळी तिला पेलणार नाही. ओल्या वेलीच्या वजनाने तिचा पाळणा होतो, म्हणून कोटिंगवाली तार ओढणार.

पण हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं: पडदा भिंतीवर हवाच कशाला? भिंत आपल्यापासून लांब, म्हणून चौथ्या मजल्यावरचे डबे झाकायला वेल प्रचंड उंच न्यावी लागते. तोच पडदा आपल्या खुर्चीजवळ आला तर थोडक्या उंचीत भागतं. आम्ही बसतो त्या जागेच्या वरच पहिल्या मजल्याच्या काकूंची गॅलरी आहे. तिथे कुंड्या ठेवून कर्टन क्रीपर खाली सोडली तर? ती चढत नाही, नुसती लोंबते. जाळी नको, तार नको.

काकूंना जिन्यातच विचारलं. "अगं, वेल आली की उंदीर आलाच म्हणून समज," त्या म्हणाल्या. म्हटलं, काकू, जमिनीपासून सहा फुटांवर सरळ रेषेत कापत जाईन, उंदीर उडी मारेल का तेवढी? कुंडीखाली ताटली ठेवायची आणि गळती झाली तर मी निस्तरायची, या अटीवर त्या विचार करतायत.

तेव्हा लसूणवेल भिंतीला, कर्टन क्रीपर गॅलरीतून, आणि कृष्णकमळ जाळीवरून काढून मागच्या पेरूजवळ. तिथे खाऊ देत अळ्यांना. फक्त एक सांगा: अर्ध्या दिवसाच्या उन्हात कर्टन क्रीपर दाट होते का, की नुसत्या लांब काड्या लोंबतात? कुणाची असली तर काकूंनी हो म्हणायच्या आत कळवा, आणि जमलं तर चार काड्याही द्या.