आरे-वारेची डबी आणि समुद्रात पडलेली पिन

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेली डबी (कॅश) अक्षांश-रेखांशांवरून, फोनच्या जीपीएसने शोधण्याचा खेळ. यात डबी शोधण्यापेक्षा आकडे टाकण्यात जास्त डोकं फिरतं. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणारा किनाऱ्याचा रस्ता, आरे-वारेच्या चढावरचं वळण, खाली पुळण: इथवर काही अडत नाही.

अडलं ते आकड्यांत. कॅशच्या वेबपानावर स्थान अंश आणि दशांश मिनिटांत असतं. समजा, उत्तर अक्षांश १७° ०४.५००', पूर्व रेखांश ०७३° १७.५००' (खरे आकडे देत नाही, मजा जाईल). हेच मी नकाशात १७.०४५००, ७३.१७५०० असं टाकलं आणि पिन थेट अरबी समुद्रात! जागेपासून बारा किलोमीटर पश्चिमेला. दोनदा पुन्हा टाइप केलं, तरी पाण्यातच. मिनिटांना ६० ने भागायचं असतं, हे पानावर कुणी ठळक लिहीत नाही. ४.५ भागिले ६० म्हणजे ०.०७५, म्हणून १७.०७५, तसंच पूर्वेचं ७३.२९१६७. भागाकाराचा कंटाळा असेल तर अंश आणि मिनिटांमध्ये नुसती मोकळी जागा सोडून १७ ०४.५००, ७३ १७.५०० टाका, गूगल मॅप्सला कळतं.

समुद्रातली चूक निदान दिसते तरी. ०४.५०० म्हणजे ४ मिनिटं ५० सेकंद असं वाचलंत (खरं तर ३० सेकंद), तर पिन साडेआठशे मीटर ईशान्येला, जमिनीवरच पडते. मग शंकाही येत नाही आणि भलत्याच कातळावर तासभर जातो.

हो, पेन्सिल न्या. डबीत नाव लिहायची चिठ्ठी असते; खाऱ्या दमट हवेत तो कागद ओलसर होतो, त्यावर बॉलपेन नुसतं ओरखडे काढतं.

मिनिटांच्या दशांशातला तिसरा आकडा उत्तर-दक्षिण १.८५ मीटरचा. मोकळ्या आकाशाखालीही फोन चार-पाच मीटर चुकतो, लपवणाऱ्याचाही चुकलेला असतो. म्हणजे दहा मीटरचा घेर धरायचा. फोनवर अंतर शून्य मीटर दिसेपर्यंत गोल गोल फिरू नका. उभं राहिलं की फोनवरची दिशा दाखवणारी सुई होकायंत्रावर चालते आणि कव्हरला लोहचुंबक असेल तर वाट्टेल तिकडे वळते. कव्हर काढा, वीस-तीस पावलं मागे जा, दुसऱ्या बाजूने चालत या.

मग फोन खिशात. जांभ्याला भोकंच भोकं, प्रत्येकात हात घालायचा नाही. विंचू असतो, आधी काठी. नजर ठेवायची ती उगाच बसवल्यासारख्या दगडावर: बाकीच्यांवर शेवाळ, याच्यावर नाही. मागे फिल्मच्या रोळाची डबी, तपकिरी रंगवलेली, वर जांभ्याची भुकटी चिकटवलेली. कॅशच्या पानावर सांकेतिक अक्षरांत एक इशारा असतो, तो उलगडायला इंग्रजी अक्षरं तेरा घरं सरकवायची, A चं N, B चं O. मी तो सगळ्यात शेवटी वाचला, हा माझा हट्ट.

चिठ्ठीवर नाव आणि तारीख घालताना वाऱ्याकडे पाठ करा, नाहीतर ती थेट खाली पुळणीवर. झाकण टक् वाजेपर्यंत दाबा, दगड होता तसाच लावा. नाही सापडली तरी तशी नोंद टाका, पावसाळ्यानंतर लपवणारा त्यावरूनच बघायला येतो.