निकाल क्लाउडवर नेताना अडलेली फाइल

मी एका सार्वजनिक विद्यापीठाच्या संगणक केंद्रात काम करतो. आमचा सर्व्हर वर्षातले बहुतेक दिवस निवांत असतो आणि निकाल लागला की तासाभरात मान टाकतो. अशा कामाला क्लाउडच हवा, म्हणजे कंपनीचे सर्व्हर इंटरनेटवरून लागतील तेवढे भाड्याने घ्यायचे, यावर आमच्यात दुमत नव्हतं.

'डेटा परदेशी गेला तर?' हा प्रश्न येणार म्हणून इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या पॅनेलवरच्या कंपन्यांची यादी, एसटीक्यूसी या मंत्रालयाच्याच तपासणी संस्थेचं ऑडिट, डेटा भारतातच ठेवण्याची अट, सगळे कागद जोडले होते. प्रश्न आला आणि कागद बघून मिटलाही.

फाइल अडली लेखा विभागात. तिथल्या मॅडमनी विचारलं, "सर, याला डेडस्टॉक नंबर काय टाकू?"

सर्व्हर घेतला की डेडस्टॉकच्या, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या, रजिस्टरला चढतो, त्यावर नंबर रंगवतात, ऑडिटवाल्यांना बोट ठेवून दाखवता येतो. क्लाउडचं काय दाखवणार? म्हणजे हा महसुली, रोजच्या वापराचा खर्च. आमची तरतूद मात्र उपकरणांची, म्हणजे टिकाऊ वस्तू घेण्याच्या भांडवली शीर्षातली. ती भाड्याला वळवायची तर पुनर्विनियोजनाचा प्रस्ताव आधी वित्त व लेखा समितीपुढे, मग व्यवस्थापन परिषदेपुढे. आणि बैठक कधी? "कळवू."

खरेदी समितीत वेगळाच पेच. त्यांना आकडा हवा होता. मी म्हणालो, वापरू तेवढं बिल. एक सदस्य उसळले, "म्हणजे कोरा चेकच की!" राग आला, पण त्यांचंही खोटं नव्हतं. नग, दर, एकूण रक्कम अशा तक्त्यात 'निकालाच्या दिवशी कैक पट, एरवी नगण्य' हे बसवायचं कुठे? त्यात कंपनीच्या साइटवर खातं उघडायला क्रेडिट कार्ड लागतं. विद्यापीठाकडे कुठलं कार्ड? इथे आधी काम, मग बिल, मग पूर्वलेखापरीक्षण, मग पैसे.

शेवटी मॅडमनाच विजेच्या बिलाचा दाखला दिला. ते दरमहा वेगळं येतं, डेडस्टॉकला चढत नाही, तरी आपण भरतोच ना? त्यावर त्या हसल्या आणि टिपणी कशी लिहायची ते त्यांनीच सांगितलं. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून मध्यस्थ पुरवठादार घ्यायचा. वर्षाची कमाल रक्कम ठरवायची, तिच्याबाहेर एक रुपया नाही. बिल तिमाही, रुपयांत, जीएसटी धरून, सोबत प्रत्यक्ष वापराचा तक्ता. माझ्या तांत्रिक टिपणीपेक्षा ही एक पानाची टिपणी जास्त कामाची ठरली.

निकाल आता क्लाउडवरून लागतात. प्रश्नपत्रिका आणि गुणांचा मूळ डेटा मात्र परीक्षा विभागाने इमारतीतच ठेवलाय. माझी त्याला हरकत नाही.

कटकट उरली ती तारखेची. मंजुरी 31 मार्चला संपते आणि आमचे मोठे निकाल लागतात त्यानंतर, उन्हाळ्यात. अंदाजपत्रक मंजूर झालं तरी प्रशासकीय मान्यता नव्याने घ्यावीच लागते. त्यामुळे नूतनीकरणाची फाइल मी जानेवारीतच हलवतो. तुमच्याकडे कुणी या वाटेला जाणार असेल, तर अंदाजपत्रकाच्या मागण्या मागवतात तेव्हाच 'संगणकीय सेवा भाडे' असं स्वतंत्र महसुली शीर्ष मागून घ्या.